लेक म्हणते, कॉलेजातही खेळायचंय: अमेरिकेतल्या मराठी आईबापांसाठी

नववीतली लेक रात्री जेवताना म्हणाली, "मला कॉलेजातही पोहायचंय," आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या डोक्यात कॉलेजचा खेळ म्हणजे आधी प्रवेश घ्यायचा, मग जिमखान्यात नाव द्यायचं, निवड चाचणीला उभं राहायचं आणि जमलं तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचं. अमेरिकेत गाडं उलटं चालतं. इथे कॉलेजचा कोच आधी मूल हेरतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या शब्दावर प्रवेशाचं दार उघडतं. हे सगळं बारावीत नाही, दहावी-अकरावीतच सुरू झालेलं असतं. आम्हाला हे कळेपर्यंत तिची दहावी अर्धी सरली होती. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

एक आकडा आधीच सांगून टाकते. इथे हायस्कूलमध्ये खेळणारी मुलं जवळपास ८० लाख. एनसीएए या मुख्य संस्थेच्या कॉलेजांत खेळणारी पाच लाखांहून थोडी अधिक. म्हणजे शंभरातली सहा-सात. खेळाची स्कॉलरशिप मिळणारी शंभरात साधारण दोन, आणि त्यातही पूर्ण खर्च निघणारी फारच थोडी. तेव्हा "खेळून कॉलेज फुकट होईल" हा हिशेब डोक्यातून काढलेला बरा. आमच्यासारख्या घरांना खेळाचा फायदा पैशापेक्षा प्रवेशात जास्त होतो. शिवाय पोराला जे मनापासून आवडतं ते आणखी चार वर्षं करायला मिळतं, हे आहेच.

पहिलं काम: नकाशा समजून घ्या

एनसीएएचे तीन विभाग आहेत. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं, टूमध्ये तीनशेच्या आसपास, थ्रीमध्ये चारशेच्या वर. वन आणि टू खेळासाठी पैसे देऊ शकतात. थ्री देत नाही, पण अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मदत देते. याशिवाय एनएआयए ही वेगळी संस्था आहे, तिची कॉलेजं लहान असतात आणि खेळाचे पैसे देतात. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची एनजेसीएए ही आणखी वेगळी.

"डिव्हिजन थ्री" ऐकून नाक मुरडू नका. आमच्या ह्यांनी मुरडलं होतं. मग यादी बघितली: एमआयटी, कॅलटेक, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कार्नेगी मेलन, एमरी, विल्यम्स, ॲमहर्स्ट. नाक आपोआप सरळ झालं. उलट हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची आठही कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असून खेळासाठी एक पैसाही देत नाहीत. विभागाचा आकडा फक्त खेळाचे नियम सांगतो, कॉलेजचा दर्जा नाही.

खेळ कुठला यावरही बरंच अवलंबून आहे. क्रिकेट २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतंय, पण एनसीएएत नाही. कॉलेजात ते क्लब म्हणून, हौसेनं चालतं. बॅडमिंटनचंही तसंच. स्क्वॉश एनसीएएच्या बाहेर आहे, तरी आयव्हीसकट अनेक कॉलेजांचे कोच त्यासाठी मुलं निवडतात. तलवारबाजी एनसीएएत आहे. पुरुषांच्या टेनिस संघांत परदेशातून आलेले खेळाडू इतके असतात की इथल्या चांगल्या मुलालाही जागा मिळताना दमछाक होते. मुलींची बाजू थोडी बरी आहे. १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींना खेळात बरोबरीची संधी द्यावी लागते. त्यामुळेच नौकानयनाचे म्हणजे रोइंगचे मोठमोठे संघ मुलींसाठी उभे राहिले, आणि त्यांत कधीच वल्हं न धरलेल्या उंच, दमदार मुलींनाही कॉलेजात आल्यावर घेतात. उंच मुलगी असेल तर हे लक्षात असू द्या.

दुसरं काम: आपलं मूल नेमकं कुठं बसतं

"छान पोहते हो तुमची मुलगी" हे मंडळाच्या कार्यक्रमात ऐकायला गोड वाटतं, पण कोच त्यावर काही ठरवत नाही. पोहणं आणि धावणं यांत घड्याळच बोलतं, त्यामुळे अंदाज घेणं सोपं. आमची पद्धत अशी होती. कॉलेज ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या ज्या गटात, खेळतं तिच्या गेल्या वर्षीच्या अजिंक्यपद स्पर्धेचे निकाल उघडायचे. आपल्या प्रकारात, आमच्या बाबतीत १०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक, दुसऱ्या फायनलमध्ये, म्हणजे पहिल्या फायनलला न पोचलेल्यांच्या शर्यतीत, शेवटून पहिली आलेली मुलगी किती सेकंदात पोहली ते बघायचं. लेकीचं टायमिंग त्याच्या आसपास असेल तर तो कोच नक्की बोलेल. पहिल्या फायनलच्या जवळ असेल तर तोच मागे लागेल. तिथे कुठेच नसेल तर ते कॉलेज यादीतून खाली सरकवायचं, कितीही आवडो. एक खाचखळगा: इथे हायस्कूल आणि कॉलेजची स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होते. मीटरमधलं टायमिंग तसंच्या तसं पाठवलं तर मूल उगाच हळू वाटतं. सोबत यार्डांतलं लिहा.

टेनिसला यूटीआर नावाचं मानांकन आहे, १ ते १६.५ पर्यंत. कॉलेजच्या संघातल्या प्रत्येकाचं मानांकन बघता येतं, तेव्हा तुलना पाच मिनिटांत होते. सॉकर, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल अशा सांघिक खेळांत असा आकडा नाही. तिथे क्लबच्या कोचला बाजूला घेऊन सरळ विचारा: "तुम्ही हिच्यासाठी कुठल्या तीन कॉलेजांच्या कोचला स्वतःहून फोन कराल?" तो जी नावं घेईल ती तुमच्या मुलाची खरी पातळी. नावं घेताना तो फार वेळ खाकरला, तर तेही उत्तरच समजा.

मग रोस्टर बघा. संघाच्या यादीत प्रत्येकाचं वर्ष, जागा, उंची, गाव सगळं दिलेलं असतं. तुमचं मूल जाईल त्या वर्षी त्याच्या जागेवरचे किती जण पदवी घेऊन बाहेर पडतायत? गोलकीपरची जागा असेल आणि संघात आत्ता फ्रेशमन आणि सोफोमोर, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे, असे दोन गोलकीपर असतील, तर तुमच्या मुलाचा नंबर लागणं अवघड. आणखी एक बघायचं: संघात दुसऱ्या कॉलेजातून आलेले किती आहेत. २०१८पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आहे. बास्केटबॉल-फुटबॉलचे कोच अठरा वर्षांच्या मुलापेक्षा एकवीस वर्षांचा तयार खेळाडू घेणं पसंत करतात, आणि ही सवय इतर खेळांतही पसरते आहे.

एवढं झालं की पंचवीस-तीस कॉलेजांची यादी हाताशी येते. ती यादी करताना मुलाला एकच प्रश्न विचारा. पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि खेळ सुटला, तर तू या कॉलेजात राहशील का? आमच्या यादीतली नऊ नावं या एका प्रश्नावर गळली.

तिसरं काम: ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे हायस्कूलचं गुणपत्रक

याच्यावर सविस्तर लिहिते, कारण खेळात चमकलेली मुलं इथेच अडकतात आणि आपल्या घरांत "अभ्यासाची काळजी नाही हो" म्हणून कोणी लक्षच देत नाही.

डिव्हिजन वन किंवा टूमध्ये खेळायचं तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे नाव नोंदवावं लागतं. हायस्कूलच्या चार वर्षांत १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषय, व्हावे लागतात. डिव्हिजन वनसाठी त्यात इंग्रजी चार वर्षं, अल्जिब्रा वन किंवा त्यावरचं गणित तीन वर्षं, विज्ञान दोन वर्षं, समाजशास्त्र दोन वर्षं, आणि उरलेले या विषयांतले किंवा परकीय भाषेसारखे. या १६ विषयांतली सरासरी डिव्हिजन वनला ४ पैकी निदान २.३ आणि टूला २.२ लागते. एसएटी-एसीटीची अट २०२३च्या जानेवारीत काढून टाकली. कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी मागू शकतं, ते वेगळं.

२.३ तर आपल्या पोराला झोपेतही मिळेल, असं वाटतं ना? अडचण सरासरीची नसते. अडचण असते ती कुठला विषय मोजतात याची. प्रत्येक हायस्कूलची मान्य विषयांची यादी एलिजिबिलिटी सेंटरकडे असते, आणि शाळेच्या कोडनं ती कोणालाही बघता येते. त्या यादीत नसलेला विषय मोजत नाहीत, मग त्यात ए प्लस असो. उन्हाळ्यात घाईघाईनं ऑनलाइन उरकलेली भूमिती हमखास अशी बाहेर राहते. डिव्हिजन वनसाठी १६ पैकी दहा विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण असावे लागतात, त्यातले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञानातले. त्या दहांचे गुण तिथेच गोठतात. बारावीत तोच विषय पुन्हा करून गुण सुधारू म्हटलं तर चालत नाही.

आता खास आपल्यासाठी. मूल नववी किंवा दहावीनंतर भारतातून आलं असेल तर तिथली नववीपासूनची गुणपत्रकं लागतात, दहावी बोर्डाच्या मार्कशीटसकट, आणि मराठीत असतील तर मूळ प्रत व भाषांतर दोन्ही. ती सुटकेसमध्ये घालून आणा. नंतर तिकडच्या शाळेच्या कार्यालयातून मागवायला महिने जातात. दुसरं याहून महत्त्वाचं. बरेच जण भारतात नववी झालेल्या मुलाला इथे पुन्हा नववीत बसवतात, "जरा रुळेल" म्हणून. चार वर्षांचं घड्याळ मात्र पहिल्यांदा नववीत बसल्या दिवसापासून चालू होतं. पुन्हा बसवण्याआधी शाळेच्या काउन्सेलरशी आणि सेंटरशी बोलून घ्या.

डिव्हिजन थ्रीला हे १६ विषयांचं प्रकरण नाही, कॉलेज आपल्या प्रवेशाच्या नियमांनी घेतं. पण तिथली चांगली कॉलेजं मागतात ते २.३च्या कितीतरी पुढचं असतं.

चौथं काम: ई-मेल, आणि ती मुलानंच लिहायची

पहिली ई-मेल मी लिहिली. लेकीच्या नावानं, छान सजवून. दोन आठवड्यांनी त्या कोचचा फोन आला. स्पीकरवर होता, मी भाजी चिरत होते. कोचनं विचारलं, "तू लिहिलं होतंस की तुला मानवी हालचालींच्या शास्त्रात रस आहे. कशामुळे?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला?" पुढचं संभाषण चार मिनिटांत संपलं. कोच पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला: टाइप ती करेल, पाठवा ती दाबेल, आम्ही फक्त शुद्धलेखन बघू. कोचला रोज ढिगानं ई-मेल येतात. तो मजकूर नंतर वाचतो, विषयाच्या ओळीतच सगळं यायला हवं. आमच्या लेकीची ओळ अशी असे: हायस्कूल संपण्याचं वर्ष, ब्रेस्टस्ट्रोक, १०० यार्डांचं टायमिंग, राज्य. बस्स. आत पहिल्या परिच्छेदात हेच कॉलेज का, हे दोन वाक्यांत, आणि ती वाक्यं दुसऱ्या कॉलेजला चिकटवता येणार नाहीत अशी. "तुमच्या संघानं यंदा रिलेत कॉन्फरन्सचं पदक घेतलं, आणि मला तिथे पर्यावरण अभियांत्रिकी शिकायची आहे" हे चालेल. "तुमचं कॉलेज फार नावाजलेलं आहे" हे केराच्या टोपलीत. मग टायमिंग किंवा आकडेवारी, उंची, सरासरी गुण, व्हिडिओची लिंक, पुढच्या दोन-तीन स्पर्धांच्या तारखा, क्लबच्या कोचचा फोन. सगळं मोबाइलच्या एका पडद्यात मावलं पाहिजे.

ई-मेलच्या आधी कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावरची खेळाडूंसाठीची प्रश्नावली भरायची. आणि उत्तर आलं नाही तर रुसायचं नाही. टायमिंग सुधारलं, सामना जिंकला, गुणपत्रक आलं की चार ओळींची नवी ई-मेल, दर पाच-सहा आठवड्यांनी.

पोहणाऱ्यांना व्हिडिओ लागतोच असं नाही. सांघिक खेळांत लागतो. तीन-चार मिनिटांचा, सगळ्यांत चांगलं पहिल्या तीस सेकंदांत, प्रत्येक खेळीच्या आधी आपल्या मुलाभोवती गोल. गाणं घालू नका.

हजारो डॉलर घेऊन "तुमच्या मुलाचं प्रोफाइल शेकडो कोचपर्यंत पोचवतो" म्हणणाऱ्या सेवा आहेत. अशा पुरवणाऱ्याकडून घाऊक आलेली ई-मेल आणि मुलानं स्वतः लिहिलेली, यांतला फरक कोचला लगेच कळतो. माझ्या मते ते पैसे स्पर्धांच्या प्रवासासाठी ठेवावेत.

पाचवं काम: तारखा

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत कोच मुलाशी मोकळेपणानं बोलू शकतो तो दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. सॉफ्टबॉल, लॅक्रॉससारख्या काही खेळांत ती तारीख अकरावीतली १ सप्टेंबर आहे, फुटबॉल-बास्केटबॉल-बेसबॉलचं वेळापत्रक आणखी निराळं. त्याआधी मूल कोचला लिहू शकतं, कोच उत्तर देऊ शकत नाही. नववी-दहावीत आलेल्या शांततेचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो. त्या काळात जे येतं ते शिबिराचं पत्रक. पत्रक आलं म्हणजे कोचला मूल हवंय असा अर्थ नाही, शिबिरं ही कोचमंडळींची वरकमाई आहे. पत्रात तुमच्या मुलाच्या खेळाबद्दल एकही वाक्य नसेल तर पैसे भरण्याआधी थांबा. डिव्हिजन थ्रीच्या कोचना फोन-ई-मेलवर हे बंधन नाही, म्हणून सुरुवात तिथून केलेली चांगली. बोलण्याची सवयही होते.

१५ जूनच्या मध्यरात्री बारा वाजता फोन वाजायला लागतात, अशा कथा ऐकल्या होत्या. आमच्याकडे लेक फोन उशाशी घेऊन झोपली. रात्री काहीच आलं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला एक मेसेज, संध्याकाळी दोन ई-मेल. ज्या कॉलेजासाठी ती जागी होती त्याचं काहीच नाही. दोन दिवस घरात कोणी पोहण्याचा विषय काढला नाही. नंतर तिनंच त्या कोचला लिहून विचारलं, आणि "यंदा तुझ्या प्रकारात आम्ही घेत नाही आहोत" असं सरळ उत्तर मिळालं. रोस्टर नीट बघितलं असतं तर आम्हाला ते मार्चमध्येच कळलं असतं.

फोनवर कोच विचारतो त्याहून मुलानं काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या वर्षी माझ्या जागेवर किती जण घेताय? त्यांत माझा क्रम कितवा? निर्णय कधी घेता? हे प्रश्न उद्धट नाहीत. कोचना सवय असते, आणि "कितवा" याला गोलगोल उत्तर आलं की खरं काय ते समजतं. आपण शेजारी बसून खाणाखुणा करायच्या नाहीत. मी गाडीत जाऊन बसत असे.

सहावं काम: कॉलेजात जाऊन बघणं

भेटी दोन प्रकारच्या. स्वखर्चानं कधीही जाऊन बघणं ही अनऑफिशियल. कॉलेजच्या खर्चानं जाणं ही ऑफिशियल, डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत ती अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून करता येते. मूल रात्री संघातल्या मुलांसोबत राहतं आणि खरी माहिती तिथेच मिळते. कोचपेक्षा संघातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलायला सांगा. अभियांत्रिकी करणारे किती आहेत? दुपारच्या प्रयोगशाळेच्या वेळी सराव आला तर कोण माघार घेतं? गेल्या दोन वर्षांत संघ कोणी सोडला आणि का?

नियमानं हंगामात आठवड्याला २० तासच खेळ. पण स्पर्धेचा आख्खा दिवस त्यात तीन तास म्हणून मोजतात, प्रवास मोजत नाहीत, फिजिओकडचा वेळ मोजत नाहीत. तेव्हा "तुमचा मंगळवार कसा जातो ते तासातासानं सांगा" असं विचारलेलं जास्त उपयोगी.

सातवं काम: पैशाचं बोलणं

इथे गेल्या काही वर्षांत सगळं उलटंपालटं झालंय, जुन्या माहितीवर जाऊ नका. पूर्वी प्रत्येक खेळाला स्कॉलरशिपची मर्यादा होती. पुरुषांच्या पोहण्याला डिव्हिजन वनमध्ये ९.९, आणि ती वीस-पंचवीस जणांत वाटायची. कोणाला निम्मी फी, कोणाला पुस्तकांचे पैसे. जून २०२५मध्ये न्यायालयानं हाउस खटल्यातली, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या दाव्यातली, तडजोड मंजूर केली. आता तीत सहभागी झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, त्याऐवजी संघात किती खेळाडू असावेत याची मर्यादा आहे: फुटबॉल १०५, बेसबॉल ३४, बास्केटबॉल १५. कॉलेज खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतं. ऐकायला छान, पण ते पैसे बहुतांशी फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातात. आणि पूर्वी बिनपैशानं संघात शिरून हळूहळू वर येणारी जी मुलं असत, वॉक-ऑन, त्यांच्या जागा या मर्यादेमुळे मोठ्या कॉलेजांत आटल्या. सामील न झालेल्या कॉलेजांत जुनेच नियम. म्हणून प्रत्येक कोचला विचारा: तुमचं कॉलेज या तडजोडीत आहे का, आणि आमच्या खेळात खरोखर किती पैसे आहेत? परवानगी असणं वेगळं आणि तिजोरीत असणं वेगळं.

प्रस्ताव आला तर वर्षागणिक नूतनीकरण आहे की चार वर्षांचा, दुखापत झाली तर काय, कोच बदलला तर काय, हे लेखी घ्या. फी-पुस्तकांपलीकडचा, म्हणजे राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, हे ध्यानात ठेवा.

एच-फोर, म्हणजे आईबापांच्या एच-वन नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या, व्हिसावरच्या मुलांना खेळाची स्कॉलरशिप मिळू शकते, ती नागरिकत्वावर अवलंबून नाही. सरकारी विद्यार्थी मदत मात्र मिळत नाही, आणि काही कॉलेजं अशा मुलांना आर्थिक मदतीसाठी परदेशी विद्यार्थी धरतात. हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारा. २०२१पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, त्याला एनआयएल म्हणतात. एच-फोर मुलाला काम करण्याची परवानगी नसते, त्यामुळे असा करार किंवा कॉलेजकडून थेट पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठाच. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे बहुधा पदवीच्या मध्यावर. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जायची तयारी तोवर हवी.

आठवं काम: होकार

तोंडी होकार हा दोन्ही बाजूंनी तोंडीच असतो. समाजमाध्यमांवर कॉलेजच्या टी-शर्टातला फोटो टाकला म्हणून कोणी बांधलं जात नाही. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असे. तो २०२४च्या ऑक्टोबरात रद्द झाला, आता स्कॉलरशिपचा करारच काय तो बांधतो.

आयव्ही आणि डिव्हिजन थ्रीमध्ये स्कॉलरशिप नसल्यानं करारही नाही. तिथे चालते ती प्री-रीड. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, साधारण जुलैपासून, कोच मुलाचं ट्रान्सक्रिप्ट आणि बारावीचे विषय प्रवेश कार्यालयाला दाखवतो आणि तिथून अंदाज येतो. अंदाज चांगला आला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. कोच आपल्या मोजक्या जागांपैकी एक तुमच्या मुलासाठी वापरणार का, हे स्पष्ट विचारा: "मी अर्ली डिसिजननं अर्ज केला तर तुमचा पूर्ण पाठिंबा आहे का, आणि असा पाठिंबा दिलेल्या किती मुलांना गेल्या वर्षी नकार आला?" अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बांधून टाकतं, प्रवेश मिळाला की तिथेच जावं लागतं, म्हणून त्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज काढा. चांगल्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि "बघू नंतर" म्हणायला जागा राहत नाही.

कुठूनच होकार आला नाही तर? मूल ज्या कॉलेजात अभ्यासाच्या जोरावर जाईल तिथल्या कोचला ऑगस्टमध्ये ई-मेल करून चाचणीची विनंती करता येते. डिव्हिजन थ्रीत हे अजूनही घडतं. नाहीतर क्लब संघ असतात, आठवड्याला दोन-तीन दिवस सराव, दुसऱ्या कॉलेजांशी सामने, आणि गणिताची परीक्षा असेल तर दांडी मारायची मुभा. आमच्या लेकीची जिवलग मैत्रीण असंच खेळते, आणि दोघींत जास्त आनंदी कोण असं विचारलंत तर मला पटकन सांगता येणार नाही.

होकार दिल्यावर ज्या कोचना नाही म्हणायचं त्यांना त्याच दिवशी मुलानं स्वतः लिहावं किंवा फोन करावा. हे आमच्या लेकीला सगळ्यांत जड गेलं. रडली. पण कोच मंडळी नोकऱ्या बदलत राहतात, आणि त्यातलीच एक पुढच्या वर्षी तिच्याच संघात सहायक कोच म्हणून आली.

मग बारावीच्या वसंतातली फुटकळ कामं. डिव्हिजन वन-टूसाठी १ एप्रिलपासून एलिजिबिलिटी सेंटरच्या खात्यात शेवटचं हौशी खेळाडू प्रमाणपत्र मागायचं असतं. त्याआधी कुठल्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम घेतली असेल तर तिथे सांगावी लागते. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्ममध्ये सिकल सेलचा रकाना असतो. इथे जन्मलेल्या मुलांची ती चाचणी जन्मतःच झालेली असते, भारतात जन्मलेल्यांना रक्त द्यावं लागतं, आणि अहवालाला वेळ लागतो. शेवटचं ट्रान्सक्रिप्ट पदवीदानाच्या तारखेसकट हायस्कूलनंच सेंटरला पाठवायचं असतं. आमचा काउन्सेलर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टीवर जाणार होता हे आम्हाला योगायोगानं कळलं. तेव्हा मे महिन्यातच त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून या.